एकेका प्रकारची गणितं येतात, सगळं एकत्र आलं की दाणादाण – चौथीचा सराव कसा घ्यावा?

चौथीची_आई

नमस्कार. मुलगी चौथीत आहे. गणिताचा सराव रोज संध्याकाळी अर्धा तास आम्ही घरीच करतो. धडा चालू असतो तोवर सगळं छान असतं. वजाबाकीचं पान दिलं की वीसच्या वीस बरोबर, परिमितीचं दिलं तरी तेच. पण संख्या, भूमिती, चित्रालेख असं सगळं एकत्र असलेलं उजळणीचं पान समोर आलं की तिची पार दाणादाण उडते.

परवाच्या पानावरच्या तीन चुका जशाच्या तशा लिहिते.

503 − 278 = 375.

आयताची लांबी 8 सेमी, रुंदी 5 सेमी, परिमिती काढा. तिचं उत्तर 40 सेमी.

चित्रालेखात एक चित्र म्हणजे 4 पुस्तकं, असं वरती स्पष्ट लिहिलेलं. एका वर्गासमोर सहा पूर्ण चित्रं आणि एक अर्धं. तिचं उत्तर साडेसहा पुस्तकं.

चूक दाखवली की "अगं हो!" म्हणते आणि लगेच दुरुस्त करते. घरातल्यांचं म्हणणं, लक्ष देत नाही, धांदरटपणा आहे. मला ते पटत नाही, कारण पान सोडवताना ती अगदी मान खाली घालून बसलेली असते. सराव वाढवू का? की पद्धतच बदलायला हवी? शिवाय भूमिती आणि आलेख यांचा घरी सराव घ्यायचा तरी कसा, हेही कुणी सांगा. आकडेमोडीचं पान मी बनवू शकते, बाकीचं काही सुचत नाही.

पाढेपाठ

आधी पाढे पक्के आहेत का बघा. सात आठे किती हे आठवण्यातच डोकं गुंतलं की प्रश्न काय विचारलाय ते निसटून जातं. आमच्याकडे जेवताना उलटसुलट पाढे विचारायचो, त्याने खूप फरक पडला. बाकी सराव वाढवण्याला पर्याय नाही असं माझं मत.

खडू_फळा

ताई, चुका जशाच्या तशा लिहिल्यात हे फार बरं केलंत. "गणित कच्चं आहे" एवढंच लिहिलं असतंत तर कुणालाच काही सांगता आलं नसतं. मी प्राथमिकच्या वर्गांना शिकवते आणि या तिन्ही चुका मला दरवर्षी वह्यांमध्ये दिसतात. तिन्ही वेगवेगळ्या जातीच्या आहेत. धांदरटपणाची त्यात एकही नाही.

आधी वजाबाकी. 375 आलं कुठून ते पाहा. 5 मधून 2 गेले, उरले 3. मग 0 आणि 7, त्याचे 7. मग 3 आणि 8, त्याचे 5. प्रत्येक घरात तिने मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय, वर कोणता आहे आणि खाली कोणता हे न बघता. ही चूक जगभरातली मुलं करतात. ब्राउन आणि बर्टन या दोन अमेरिकन संशोधकांनी 1978 मध्ये वजाबाकीतल्या अशा चुकांची नीट छाननी केली होती. त्यातून दिसलं की मूल पुष्कळदा वाटेल तसं चुकत नसतं, एक चुकीचा नियम अगदी निष्ठेने पाळत असतं. तो नियम सापडला की अर्धं काम झालं.

तुमच्या मुलीचा नियम शोधायला तिला 562 − 238 द्या. काही न सांगता, नुसतं द्या. 324 आलं तर हातचा घेणं तिला येतंय, घोडं शून्यापाशी अडतंय. 336 आलं तर हातच्यापासूनच सुरुवात करावी लागेल. आणि ते वीसच्या वीस बरोबर आलेलं पान पुन्हा काढून बघा, त्यात वरच्या संख्येत मधोमध शून्य असलेलं एकही उदाहरण नसेल असा माझा अंदाज आहे. पुढे कधी 503 − 278 चं उत्तर 325 दिसलं तर तेही ओळखून ठेवा. तिथे मुलाने शून्याचा नऊ केलेला असतो, पण शतकाच्या घरातून एक उचलायचा राहिलेला असतो.

शून्यासाठी मी वहीतली मांडणी बाजूला ठेवते आणि काड्या काढते. शंभराचे पाच गठ्ठे, सुट्या तीन. त्यातून 278 द्यायच्यात. सुट्या आठ हव्यात, आहेत तीन, आणि दहाचा गठ्ठा तर एकही नाही. मग शंभराचा एक गठ्ठा सोडावा लागतो, त्यातून दहाचे दहा निघतात, त्यातला एक पुन्हा सोडावा लागतो. आता पुढ्यात शंभराचे चार, दहाचे नऊ आणि सुट्या तेरा. वहीत शून्याच्या डोक्यावर नऊ का लिहितात हे मग वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शंभर काड्या मोजून गठ्ठे बांधायला वेळ जातो, तो जाऊ द्या, मोजणंसुद्धा सरावच आहे. नंतर तेच गणित संख्यारेषेवर करून घ्या. 278 पासून 280 पर्यंत 2, तिथून 300 पर्यंत 20, तिथून 503 पर्यंत 203, सगळे मिळून 225. दोन वाटांनी गेलं तरी उत्तर एकच येतं, हे मुलांना फार आवडतं.

आणि पेन्सिल टेकवण्याआधी दर वेळी एकच प्रश्न विचारा: उत्तर साधारण किती येईल? पाचशेतून पावणेतीनशे गेले म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. एवढं तोंडाने म्हटलेलं असलं की 375 लिहिताना तिचाच हात थांबेल.

परिमितीची गोष्ट वेगळी आहे. तिथे तिला गणित आलं नाही असं नाही, कोणतं गणित करायचं याची निवड चुकली. परिमितीच्या पानावर ही निवड तिला करावीच लागत नाही, मथळ्यातच उत्तर असतं. सगळ्या पानावर एकच कृती, ती फक्त आकडे उचलते. अशा पानावर वीसपैकी वीस आले तरी त्यावरून फारसं काही कळत नाही. म्हणून "सराव वाढवा" या सल्ल्याशी मी सहमत नाही. त्याच पद्धतीने वाढवलात तर याच चुका पुन्हा येतील. (पाढ्यांबद्दलचं म्हणणं मात्र अगदी खरं आहे.)

प्रश्न न वाचता आकड्यांवर झडप घालण्याची सवय किती खोल असते याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. 1980 च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे दुसरी-तिसरीच्या मुलांना विचारलं होतं, की जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? 97 पैकी 76 मुलांनी दिलेल्या आकड्यांवरूनच वय काढून दिलं. ही मुलं बिनडोक नव्हती. आकडे दिलेत म्हणजे त्यांचं काहीतरी करायचंच असतं, हे ती शाळेत शिकली होती.

निवडीचा सराव सरमिसळीतूनच होतो. टेलर आणि रोरर यांचा 2010 चा प्रयोग नेमका चौथीच्या मुलांवरचा आहे. चितीची (प्रिझमची, म्हणजे खोक्यासारख्या घनाकृतीची) पृष्ठं, कडा, कोपरे आणि कोन किती ते मोजायचे चार नियम शिकवले. काही मुलांनी एका प्रकाराची सगळी उदाहरणं संपवून पुढचा प्रकार घेतला, बाकीच्यांनी तीच उदाहरणं मिसळून सोडवली. सराव चालू होता तोवर पहिला गट पुढे होता. दुसऱ्या दिवशी चाचणी घेतली तर मिसळून सोडवणाऱ्यांची बरोबर उत्तरं साधारण दुप्पट. म्हणजे सरमिसळ पानावर आज जास्त चुका होताहेत म्हणून घाबरून जायचं कारण नाही.

तेव्हा नवा धडा चालू असेल तेव्हा दोन-तीन दिवस एकाच प्रकारची उदाहरणं ठीक आहेत, हात बसायला ती लागतातच. पुढे रोज आठ प्रश्न पुरेत, मथळा न देता. दोन वजाबाक्या, त्यातली एक 600 − 347 सारखी. एक शाब्दिक उदाहरण, ज्यात एखादा आकडा जास्तीचा, न लागणारा असेल. एकदा 8 + 4 = □ + 5 देऊन बघा. बरीच मुलं चौकटीत 12 लिहितात, कारण बरोबरचं चिन्ह म्हणजे "आता उत्तर लिही" असं त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. दोन्ही बाजू सारख्या व्हायला हव्यात हे समजलं की 7 येतं. पट्टीचा एक प्रश्न ठेवा: पेन्सिलीचं एक टोक 3 सेंटिमीटरच्या खुणेवर आणि दुसरं 8 वर आहे, तर लांबी किती? 8 म्हणणारी मुलं पेन्सिलीच्या शेवटापाशी असलेला आकडा वाचतात, 6 म्हणणारी खुणा मोजतात, 5 म्हणणारी मधलं अंतर मोजतात. आणि दर दोन-तीन दिवसांनी एका प्रश्नाखाली लिहा: "सोडवू नकोस, फक्त काय करावं लागेल ते सांग." माझ्या वर्गात सगळ्यात जास्त उपयोग याच प्रश्नाचा होतो.

परिमिती आणि क्षेत्रफळ यांची गल्लत घालवायला दोन्ही एकाच आकृतीवर, एकाच वेळी काढायला लावा. चौकटीच्या कागदावर परिमिती 24 येईल असे सगळे आयत काढ, म्हणावं. 1 आणि 11, 2 आणि 10, असं करत 6 आणि 6 पर्यंत. प्रत्येकाच्या आतले चौकोन मोजले की 11, 20, 27, 32, 35, 36. काठ तेवढाच राहतो आणि आतली जागा वाढत जाते, हे स्वतः रंगवून पाहिलेलं मूल पुढे 40 सेंटिमीटर लिहिण्याआधी थांबतं.

आलेखाबद्दल उद्या लिहिते, वह्या तपासायच्या आहेत.

खोकेवाला

मी शिक्षक नाही, पुठ्ठ्याची खोकी बनवायच्या कामात आहे, म्हणून भूमितीपुरतं लिहितो. माझ्या मुलाला घनाचं चित्र वहीत काढता यायचं, पण पाठीमागे किती पृष्ठं लपलीत हे सांगता यायचं नाही. मग आम्ही कात्री घेऊन बसलो.

सारखे सहा चौरस कडेला कडा जुळवून मांडले की वेगवेगळे 35 आकार होतात (फिरवून किंवा उलटवून तेच होणारे सोडून). त्यातले फक्त 11 घडी घालून बंद घन होतात. मुलांना 35 चा आकडा सांगायची गरज नाही, नुसतं म्हणायचं की घन होणाऱ्या घडणी शोध. चार चौरस एका रांगेत असलेल्या सहा घडणी पटापट सापडतात, उरलेल्या पाचांसाठी डोकं लावावं लागतं. कागद कापायच्या आधी "हा होईल की नाही" हे पैजेवर सांगायचं, मग घडी घालून बघायचं. थोड्या वेळाने मुलाच्या लक्षात आलं की चार चौरस मिळून मोठा चौरस तयार झाला असेल तर तो आकार कधीच बंद होत नाही. घनाच्या कोपऱ्यात तीनच पृष्ठं भेटतात, चौथ्याला जागाच नाही. हे त्याने स्वतः सांगितलं तेव्हा मला जो आनंद झाला तो कुठल्याही गुणपत्रिकेने झालेला नाही.

सहा जड जात असतील तर पाच चौरस घ्या. त्यांचे एकूण 12 आकार, त्यातल्या 8 आकारांचं झाकण नसलेलं खोकं होतं.

वर बाईंनी परिमितीचं लिहिलंय, त्याला जोडून एक. घनाच्या 11 घडणींपैकी कुठलीही घ्या, बाहेरच्या काठाची लांबी एकसारखी, 14 बाजूच भरते. सहा चौरसांच्या 24 बाजू, पाच ठिकाणी जोड, प्रत्येक जोडात दोन बाजू आत जातात. त्याच सहा चौरसांचा 2 बाय 3 चा आयत केला तर काठ 10. मुलीला दोन्ही मोजायला लावा.

चौथीची_आई

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. 562 − 238 दिलं, काही न बोलता. 324 आलं! आणि ते जुनं पान काढून बघितलं, एकाही संख्येत मधे शून्य नव्हतं. म्हणजे शून्यच. काड्या जमवायला घेतल्यात.

घडणींचं तिला आजच सांगितलं, कात्री घेऊन बसलीये. 24 चे आयत रविवारी करू.

बाई, आलेखाचं वाचायची वाट बघतेय. आणि एक विचारायचं होतं, घड्याळ लावून सोडवायला लावावं का? तिच्या वर्गातल्या एकीची आई तसं करते.

खडू_फळा

324 वाचून बरं वाटलं. आता तिला वजाबाकी "येत नाही" असं घरात कुणी म्हणायला नको.

घड्याळ फक्त पाढ्यांसाठी, तेही तिला स्वतःला कालच्यापेक्षा लवकर म्हणायचे असतील तर. सरमिसळ पानाला अजिबात नाही. तिथे तिने थांबून विचार करावा असंच आपल्याला हवंय, आणि घड्याळ बरोबर उलटं शिकवतं.

आता चित्रालेख. साडेसहा लिहिणाऱ्या मुलीने चित्रं बरोबर मोजली आहेत, फक्त वरचं प्रमाण वाचलेलं नाही. "नीट वाच" असं सांगून हे सुटत नाही. तिला स्वतःला चित्रालेख काढायला लावा, म्हणजे प्रमाण तिलाच ठरवावं लागेल. घरातली पुस्तकं कप्प्यांप्रमाणे मोजू दे. समजा एका कप्प्यात 26 आहेत. एक चित्र म्हणजे 2 पुस्तकं धरली तर 13 चित्रं काढून हात दुखेल. 4 धरली तर साडेसहा. 10 धरली तर अडीच चित्रं म्हणजे 25 होतात, मग उरलेलं एक पुस्तक दाखवायचं कसं? इथे ती अडकेल आणि अडकू द्या. चित्र कुठे अपुरं पडतं आणि स्तंभालेख कशाला लागतो, हे तिला तिथेच कळेल. स्वतः प्रमाण ठरवलेलं मूल दुसऱ्याच्या आलेखातही आधी प्रमाणच शोधतं.

आलेख तयार झाला की प्रश्न तीन पायऱ्यांनी विचारा. फ्रान्सिस कर्सिओ यांनी 1987 मध्ये आलेख वाचण्याच्या या पायऱ्या मांडल्या होत्या, मी त्या वर्गात कायम वापरते. पहिली, आलेखात थेट दिसतं ते: वरच्या कप्प्यात किती? दुसरी, दोन गोष्टी जोडून काढावं लागतं ते: वरच्या कप्प्यात खालच्यापेक्षा किती जास्त? तिसरी, आलेखाच्या पलीकडचं: अजून दहा पुस्तकं आली तर कुठे ठेवशील आणि का? घरी आणि वर्गातही सगळा जोर पहिल्या पायरीवरच जातो. दुसरीचे प्रश्न भरपूर विचारा, त्यात बेरीज-वजाबाकी आपोआप होते. "का" विचारलंत की तिसरी पायरी आलीच.

संख्या आणि माहिती एकत्र हवी असेल तर दोन फासे घ्या. फेकायच्या आधी विचारा, बेरीज कोणती सगळ्यात जास्त वेळा येईल? तिला 12 म्हणू दे, काही म्हणू दे, ते लिहून ठेवा. मग फेकत जायचं आणि प्रत्येक बेरजेपुढे ताळ्याची खूण करायची, चार उभ्या आणि पाचवी आडवी. थोड्या फेकांत 7 पुढे असेलच असं नाही, 5 किंवा 9 सुद्धा आघाडी घेतात. म्हणून रोज थोडं थोडं फेकून त्याच तक्त्यात भर घालत राहा आणि अधूनमधून स्तंभालेख काढा. मधे फुगवटा दिसायला लागला की कारण तिलाच शोधू द्या. एकूण 36 शक्यता, त्यातल्या 7 देणाऱ्या सहा, 2 आणि 12 देणारी एकेकच. दोन फासे वेगळ्या रंगांचे घ्या, नाहीतर 3 आणि 4 म्हणजेच 4 आणि 3, असं म्हणून ती एक शक्यता गाळेल.

हातच्याच्या वजाबाकीसाठी पानं छापत बसू नका. देवळालीचे शाळामास्तर द. रा. काप्रेकर यांच्या वजाबाकीच्या खेळातली 6174 ही चार अंकी संख्या बऱ्याच जणांना माहीत असते, पण चौथीला तीन अंकी संख्याच बऱ्या. कोणतेही तीन अंक घ्यायचे, तिन्ही सारखे सोडून. समजा 3, 5, 2. त्यांची मोठ्यात मोठी संख्या 532, लहानात लहान 235, वजाबाकी 297. आता 297 चे अंक घेऊन पुन्हा तेच: 972 − 279 = 693. मग 963 − 369 = 594. मग 954 − 459 = 495. यापुढे कितीही वेळा केलं तरी 495 च. दुसरे अंक घेतले तरी शेवट तिथेच होतो. वाटेत 99 आलं तर 099 असं लिहायचं. प्रत्येक पायरीवर हातचा घ्यावाच लागतो आणि कुठे चूक झाली तर ती बहुधा लगेच दिसते, त्यामुळे तपासायला तुमची गरज पडत नाही.

चार-पाच वेळा झालं की तिला विचारा, उत्तरात मधला अंक दर वेळी 9 का येतो, आणि कडेच्या दोन अंकांची बेरीज किती? अडली तर 99 चा पाढा शेजारी लिहून ठेवा, पुढचं ती बघेल.